तिसऱ्या घंटेनंतरची पहिली चार मिनिटं

(मंडळाच्या हौशी गायक-वादकांच्या मेळाव्यात अल बर्शा इथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सर्वप्रथम एक खुलासा. कार्यकारिणीने मला इथे उभं केलंय, त्यात माझा काही दोष नाही. मी शास्त्रीय संगीताचा विशारद नाही की व्यावसायिक वादक नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर, पोटासाठी आयटी कन्सल्टंट आणि शनिवारी संध्याकाळी चार जणांच्या एका छोट्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणारा माणूस. वाद्यवृंद हा शब्द जरा जड झाला. तबला-ढोलकीवर आमचे काका, गिटारवर एक मित्र, गायला वहिनी आणि मी. सराव आमच्या अल बर्शातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, तोही रात्री नऊपर्यंतच. नऊ वाजून एक मिनिटाला खालचे शेजारी छताला काहीतरी ठोकतात आणि ते तालात नसतं.

यंदा मंडळात असे पाच-सहा छोटे गट तयार झालेत, ही आनंदाची गोष्ट. तेव्हा समितीचं म्हणणं पडलं की, 'कार्यक्रमाची सुरुवात कशी करावी' यावर कुणीतरी बोलावं. ही सुरुवात कशी करू नये, याचा सर्वात दांडगा अनुभव माझ्या नावावर असल्यामुळे निवड बिनविरोध झाली!

तर आधी तो अनुभव सांगतो.

गणेशोत्सवातला कार्यक्रम होता. जागा इथलीच, एका शाळेचं सभागृह. आम्हाला चाळीस मिनिटं दिली होती. आरती झाली, प्रसाद झाला, निवेदकांनी आमचं नाव पुकारलं आणि आम्ही चौघं स्टेजवर गेलो. गेलो म्हणजे काय, वायरी घेऊनच गेलो! पडदा उघडा, समोर अडीचशे माणसं आणि मी कीबोर्डच्या खाली वाकून प्लग शोधतोय. मग 'हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री'. मग माईकने एक सणसणीत शिट्टी मारली. मग मित्राने गिटार जुळवायला घेतली, तीही माईकवर. मग मी आमची ओळख करून द्यायला उभा राहिलो. आम्ही कसे भेटलो, कोण कुठल्या गावचं, सगळं सांगितलं. पहिला सूर वाजेपर्यंत अकरा मिनिटं झाली होती. हे मला नंतर व्हिडिओ पाहून कळलं. त्या व्हिडिओत लोक उठून वडापावच्या टेबलाकडे जाताना फार स्पष्ट दिसतात.

आणि पहिलं गाणं? माझ्या आवडीचं, संथ, लांबलचक, आलापाने सुरू होणारं. वहिनींची पट्टी काळी चार. त्यांनी कीबोर्डवरून सूर घेतला आणि सुरुवात केली. मुखडा कसाबसा निभावला, पण अंतऱ्यात वरचा सूर लागेना, आवाज चिरकला. काकांचा तबला कीबोर्डशी जुळेना. ते हातोडी घेऊन गाण्यातच ठोकाठोक करायला लागले. मागे पोरांची पकडापकडी सुरू झालेली. गाणं संपलं, म्हणजे थांबलं. वहिनींनी माईकवर सगळ्यांची माफी मागितली, "घसा जरा बसलाय," म्हणाल्या.

रात्री घरी येऊन मी कीबोर्ड सुरू केला, तर पडद्यावर ट्रान्सपोजचा आकडा: अधिक दोन. आदल्या दिवशी भाचीच्या गाण्यासाठी मी पट्टी दोन स्वर चढवली होती आणि परत उतरवायची विसरलो होतो. वहिनी काळी चारऐवजी काळी पाचमध्ये गात होत्या. घसा अगदी ठणठणीत होता. चूक सर्वस्वी माझी होती.

आता इथे खरं बोलायचं तर, मी हे त्यांना सांगितलं नाही. उद्या सांगू, पुढच्या शनिवारी सांगू, असं करत राहिलो. पुढच्या शनिवारी त्या सरावाला आल्याच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. "आता जमत नाही हो भावोजी, आवाज गेला माझा," असा निरोप आला. चार महिने असे गेले. शेवटी बायकोनेच मला धरून त्यांच्या घरी नेलं. मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चार महिने मी रोज सकाळी हळद-मिठाच्या गुळण्या करतेय, भावोजी." त्यावर हसावं की काय करावं, मला कळेना.

म्हणून सांगतो मंडळी, सुरुवातीची चार मिनिटं ही किरकोळ बाब नाही. त्यात माणूस गाणं सोडू शकतो.

त्यानंतर मी जरा शोधाशोध केली. आमचं गाव सांगलीकडचं. फोनवर वडिलांना सगळी हकिकत सांगितली, तर ते म्हणाले, "अरे, नाटकाच्या गावचा ना तू? तुमच्या आधी दीडशे वर्षं लोकांनी हा प्रश्न सोडवून ठेवलाय." आणि खरंच आहे ते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकांत कथा एकदम सुरू होत नसे. आधी सूत्रधाराचं मंगलाचरण, मग विदूषक, मग गणपती, मग सरस्वती, आणि मग आख्यान. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, त्याची सुरुवातही नांदीने. तमाशात गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. गणाच्याही आधी ढोलकी आणि हलगी कडाडतात. हलगी तर शेकोटीवर तापवून घेतात, कातडं ताणलं जाऊन आवाज खणखणीत व्हावा म्हणून. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, त्यातही रांगेत उभी राहिलेली माणसं आणि नाचत येणारा गणपती, अशीच सुरुवात होती. युरोपातही तेच. १६०७ सालचा मोंतेवेर्दीचा 'ओर्फेओ' हा ऑपेरा घ्या. पडदा उघडण्यापूर्वी सगळ्या वाद्यांनी एक छोटा तुकडा तीनदा वाजवावा, अशी त्यात सूचना आहे. आपली तिसरी घंटाच म्हणा ना!

या सगळ्यात श्रद्धेचा भाग आहेच. पण जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. नांदी चालू असताना उशिरा आलेले लोक जागा शोधतात, गळा तापतो, साथीदारांचा मेळ बसतो, प्रेक्षकाच्या कानात षड्ज पक्का होतो. आणि त्या वेळात कथेतलं काहीच हुकत नाही. म्हणजे सुरुवातीची ती पाच मिनिटं आपल्या पूर्वजांनी मुद्दाम अशी योजली होती की, तिथे गडबड झाली तरी नुकसान होऊ नये. आम्ही नेमकं उलटं केलं. सर्वात अवघड चीज सर्वात कच्च्या क्षणी ठेवली.

आता कामाचे मुद्दे. वहीत लिहून घेतलेत तरी चालेल.

पहिला मुद्दा, जुळवाजुळव लोकांसमोर नको. क्लायंटसमोर डेमो देताना कुणी सॉफ्टवेअर इन्स्टॉल करत बसत नाही. दरवाजे उघडण्याआधी प्रत्येक माईक, प्रत्येक वायर तपासून ठेवा. ते शक्य नसेल, कारण मंडळाच्या कार्यक्रमात आधी लहान मुलांचे नाच असतातच, तर निदान वायरींवर चिकटपट्टी लावून नावं लिहा आणि कोण काय जोडणार ते ठरवा. आम्ही आता घड्याळ लावून सराव करतो. अकरा मिनिटांचे तीन झालेत. आणि माझ्या कीबोर्डवर एक चिठ्ठी कायमची चिकटवलेली आहे: 'ट्रान्सपोज बघ!' ती वहिनींच्या अक्षरात आहे.

दुसरा मुद्दा खास आपल्या आखातातला, हवा. सप्टेंबरात बाहेर दमट उकाडा आणि सभागृहात थंडगार कोरडं एसी. त्या दिवशी काकांनी तबला लावला तो मागच्या दाराजवळ, जिथून सामान आत येत होतं आणि दार सताड उघडं होतं. स्टेजवर आल्यावर कातडं कोरडं पडून ताणलं गेलं आणि तबला चढला. गिटारच्या तारांचंही तसंच, थंडीने तार आकसते आणि सूर चढतो. माझा कीबोर्ड तेवढा जागचा हलत नाही, चुकीच्या पट्टीत असला तरी! तेव्हा वाद्यं किमान तासभर आधी स्टेजच्याच हवेत, खोळ काढून ठेवा आणि अगदी शेवटी पुन्हा जुळवा.

तिसरा मुद्दा, पहिला आवाज संगीताचा हवा, बोलण्याचा नको. ओळख, आभार, गंमतीजमती हे सगळं दुसऱ्या गाण्यानंतर. तुम्ही कोण हे लोकांना तेव्हा जाणून घ्यावंसं वाटतं.

चौथा, पहिलं गाणं निवडताना. सर्वात उत्तम गाणं पहिलं नको, ते शेवटासाठी राखून ठेवा. पहिलं असं घ्या की झोपेतही वाजवता येईल. तीन-चार मिनिटांचं, मध्य लयीतलं, लोकांच्या ओळखीचं, आणि गायकाला वरच्या टोकाला न नेणारं. शिवाय त्यात सगळी वाद्यं लवकर येऊ देत. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या माणसाला प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करायला हेच गाणं मिळतं. तुमची बासरी शेवटच्या कडव्यात पहिल्यांदा वाजली, तर त्याने काय करावं?

पाचवा, एकेक वाद्य आणा. केरव्याच्या आठ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक आवर्तन चार सेकंदांत होतं. ढोलकीने एकट्याने चार आवर्तनं वाजवली की सोळा सेकंद. तेवढ्यात बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून मान वळवतो. मग गिटार, मग कीबोर्ड, आणि मग गळा. गाणाऱ्याला सूर आणि लय दोन्ही आयती मिळतात.

सहावा, पहिल्या गाण्याचा शेवट पक्का करा. तिहाई घ्या, समेवर थांबा, सगळे एकदम. लोकांना टाळी कुठे द्यायची ते कळलं पाहिजे. आणि टाळ्या विरायच्या आत दुसरं गाणं सुरू. दोन्ही एकाच पट्टीत असतील तर उत्तम, मधे तानपुऱ्याचा सूर चालू ठेवता येतो.

सातवा आणि शेवटचा, काही बिघडलं तर काय, हे आधी ठरवा. आमचा नियम असा की, माईक बंद पडला तर ढोलकी थांबत नाही. बाकी काय करायचं ते तिच्या जोरावर करायचं. आणि चूक ज्याची असेल त्याने ती त्याच रात्री सांगायची. हा नियम कुणासाठी केलाय, ते सांगायला नको.

हे सगळं कागदावर झालं. गेल्या वर्षी त्याची परीक्षा झाली. वहिनी परत आल्या होत्या, पण एका अटीवर: "पहिला आवाज माझा नसेल." आणि काकांचा तो इथला शेवटचा कार्यक्रम होता. नोकरीची मुदत संपत आलेली, व्हिसा महिनाभराचा उरलेला. तीस वर्षांचा संसार कार्टनमध्ये बांधून ते साताऱ्याला निघाले होते. इथे कुणीच कायमचं नसतं, हे आपण सगळेच जाणतो, पण पाळी आपल्या माणसाची आली की ते पुन्हा नव्याने कळतं.

काका म्हणाले, "मी स्टेजवरून सुरू करणार नाही. मागच्या दाराने येतो, तमाशात येतात तसा." आणि तसेच आले. गळ्यात ढोलकी, माईक नाही, दिवे मंद, निवेदन नाही. मागून एकदम थाप पडली आणि अख्खं सभागृह वळलं. ते मधल्या वाटेने वाजवत पुढे येत होते. पळणारी पोरं आधी थबकली आणि मग त्यांच्या मागोमाग चालायला लागली. काका स्टेजवर पोहोचले तेव्हा गिटार सुरू झाली, मग मी, पट्टी तीनदा तपासून. वहिनींनी डोळे मिटले आणि काळी चारचा षड्ज असा लावला की, मला पुढचे दोन स्वर वाजवायचं सुचलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणा. ढोलकी थांबली नव्हती ना!

काका आता साताऱ्यात आहेत. त्यांची ढोलकी इथेच ठेवून गेलेत. त्यांच्या मागोमाग चालत आलेल्या पोरांमधला एक चौदा वर्षांचा मुलगा दर शनिवारी आमच्याकडे येतो. मराठी अडखळत बोलतो, पण केरवा अडखळत नाही. काका व्हिडिओ कॉलवर त्याला शिकवतात. आवाज जरा मागून पोहोचतो, त्यामुळे गुरु-शिष्य एकदम वाजवू शकत नाहीत. काका वाजवतात, तो ऐकतो, मग तो वाजवतो आणि काका ऐकतात. काकांच्या मते शिकण्याची पद्धत हीच.

यंदा मागच्या दाराने तो येणार आहे. तेव्हा वडापावचं टेबल जरा उशिरा मांडा, एवढीच समितीला नम्र विनंती करतो आणि माझे चार शब्द संपवतो.