नववीचा उंबरठा
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या राज्यात माध्यमिक शाळा बहुतांशी खाजगी संस्थांनीच काढल्या. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे सरकारी अनुदानाने अशा शाळांना आधार मिळाला. आज विनाअनुदानित शाळाही पुष्कळ झाल्या आहेत. २००९ च्या कायद्याने त्यांत दुर्बल घटकांस २५ टक्के जागा राखल्या. परंतु हा मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंतच. नववीत पालकापुढे फीचा आकडा उभा राहतो.

आम्ही जन्मभर शिक्षकी केली. त्या नात्याने एकच विनंती. दहावीच्या गुणवंतांस शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. परंतु तत्पूर्वी नववीच्या उंबरठ्यावर अडलेले मूल शोधावे आणि सत्कारनिधीतील निम्मी रक्कम त्याच्या फीस लावावी.