रस्त्यांसाठी नगरसनदेत दुरुस्ती : ह्यूस्टनचा अनुभव

(स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)



नवीन रस्त्याच्या उद्घाटनाला कोनशिला बसते, पाहुणे येतात. जुन्या रस्त्याच्या डागडुजीला मात्र कोणी हारतुरे घेऊन जात नाही. अंदाजपत्रकात ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री लागते ती देखभालीच्या रकमेला. रस्त्याची भेग वेळीच बुजविली नाही, तर तीतून पाणी आत मुरते, खडीचा थर सैल होतो, वाहनांच्या भाराने पृष्ठभाग खचतो आणि जे काम थोडक्या डांबरात झाले असते त्यासाठी पुढे सारा रस्ता उकरावा लागतो. ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहराने तिच्यावर एक उपाय योजला. त्याचे यश आणि त्या वाटेवर लागलेल्या ठेचा, दोन्ही आपल्या विचारास चालना देणाऱ्या आहेत.

सनद म्हणजे काय ?

कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली ‘नागरिकांची सनद’ आपल्या परिचयाची आहे. ह्यूस्टनची सनद निराळी. ती त्या नगराची जणू राज्यघटनाच होय. टेक्सासच्या राज्यघटनेत १९१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे पाच हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना आपली सनद स्वीकारण्याचा व बदलण्याचा अधिकार मिळाला. मात्र बदलासाठी मतदारांचा कौल घ्यावा लागतो. नगर परिषद स्वतः ठराव करून दुरुस्ती मतदानास ठेवू शकते. तसेच पाच टक्के किंवा वीस हजार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्या मतदारांच्या सह्यांचा अर्ज आला, तर तिला ती ठेवावीच लागते. अंदाजपत्रक दरवर्षी बदलते. सनदेतील तरतूद मात्र येणाऱ्या प्रत्येक महापौरावर बंधनकारक राहते.

रस्ता आणि पाणी

ह्यूस्टन हे समुद्रसपाटीपासून अवघ्या पंधरा-वीस मीटर उंचीवरील सपाट शहर. जमीन चिकणमातीची, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात आकसणारी. त्यामुळे रस्त्यांना तडे जातात. अतिवृष्टी झाली म्हणजे पावसाचे पाणी काही काळ रस्त्यांवरच साठून ओढ्यांकडे जावे, अशी तेथील रचना आहे. म्हणून तेथे रस्त्यांचा प्रश्न गटारांच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. २००१ च्या जून महिन्यातील ‘ॲलिसन’ वादळाच्या पुराने याची प्रखर जाणीव करून दिली.

२०१० ची दुरुस्ती

अभियंत्यांच्या पुढाकाराने सह्या गोळा झाल्या आणि नोव्हेंबर २०१० मध्ये दुरुस्ती मतदानास आली. तत्कालीन महापौर ॲनिस पार्कर यांचा तिला पाठिंबा होता. रस्ते व जलनिःसारण यांसाठी एक राखीव निधी उभारावा, नवे कर्जरोखे न काढता हाती येईल त्या पैशातून कामे करावीत, हे तिचे सूत्र होते. ऋण काढून सण करण्याची सवय मोडण्याचाच तो प्रयत्न होता.

निधीचे मुख्य स्रोत दोन. पहिला, मालमत्ता कराचा ठरावीक वाटा. त्या वेळी शहराचा कर शंभर डॉलर मूल्यांकनामागे सुमारे ६४ सेंट होता, त्यातील ११.८ सेंट या कामी राखून ठेवायचे, त्यातून आधी जुन्या कर्जाचे हप्ते भागवायचे आणि कर्ज फिटत जाईल तसतशी मोकळी होणारी रक्कम कामांवर खर्च करायची. दुसरा, जलनिःसारण आकार. ज्या मिळकतीवर पाणी न मुरणारे छप्पर व फरसबंदी जितकी जास्त, तितका तिचा आकार जास्त. २०११ मध्ये बंदिस्त गटारांच्या भागात हा दर चौरस फुटास वर्षाला ३.२ सेंट ठरला. म्हणजे दोन हजार चौरस फुटांस ६४ डॉलर. या आकारातून वर्षाला किमान साडेबारा कोटी डॉलर मिळावेत, असा अंदाज होता.

दोन ठेचा

दुरुस्ती निसटत्या बहुमताने, सुमारे ५१ टक्के मतांनी, संमत झाली. परंतु मतपत्रिकेवर राखीव निधीचा उल्लेख होता. नागरिकांना नवा आकार द्यावा लागेल, हे त्यावर लिहिलेले नव्हते. काही मतदार न्यायालयात गेले. जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हा मजकूर दिशाभूल करणारा ठरविला आणि पुढे ती दुरुस्ती रद्द झाली. उपविधीच्या आधारे आकाराची वसुली चालू राहिली, पण सनदेचे संरक्षण गेले. २०१७ मध्ये ‘हार्वे’ वादळाने शहर पाण्याखाली घातले. नोव्हेंबर २०१८ मध्ये आकाराचा स्पष्ट उल्लेख करून तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला, तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश मतदारांनी होकार दिला. पुराचा अनुभव ताजा होता हे खरे. पण या वेळी मतदारांपासून काही दडविलेले नव्हते.

दुसरी ठेच हिशेबाची. मालमत्ता कराच्या उत्पन्नवाढीवर २००४ पासून मतदारांनीच मर्यादा घातलेली होती. तिचे कारण देऊन शहर ११.८ सेंटांचा पूर्ण वाटा निधीत भरीत नव्हते. दुरुस्तीचा पुरस्कार केलेल्या दोन अभियंत्यांनीच २०१९ मध्ये दावा लावला. अपील न्यायालयाचा निकाल शहराविरुद्ध गेला, जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविण्यास नकार दिला, आणि त्याच वर्षी हा वाटा टप्प्याटप्प्याने पूर्ण करण्याची तडजोड झाली. राखीव निधी कागदावर असणे आणि तिजोरीत असणे यांतील अंतर येथे दिसून येते.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे महापालिकांची सनद म्हणजे विधिमंडळाचा कायदा : मुंबईसाठी १८८८ चा, इतर महापालिकांसाठी १९४९ चा. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा आहे. मतदारांनी परस्पर तो बदलण्याची सोय नाही. परंतु ह्यूस्टनने जे ठेचा खाऊन शिकले, ते आपणांस कायदा न बदलताही आचरता येईल.

ग्रामसभेपुढे अंदाजपत्रक ठेवताना डागडुजीची रक्कम नव्या कामांच्या रकमेत मिसळू नये; तिची ओळ वेगळी दाखवावी. घरपट्टी वाढवावयाची असेल, तर ‘विकास’ या गोड शब्दाआड न लपता किती, कशासाठी आणि किती वर्षे, हे ठरावातच लिहावे. वर्षअखेरीस जमा किती, खर्च किती, कोणत्या गल्लीत काम झाले, याचा तक्ता चावडीवर लावावा. अध्यापकांनी हा तक्ता विद्यार्थ्यांना गणिताचा धडा म्हणून वाचावयास दिला, तर उद्याचा मतदार आजच तयार होईल.

ह्यूस्टनच्या नागरिकांनी २०१८ मध्ये करभार डोळ्यांपुढे असताना होकार दिला. लोक कराला भितात, हा समज त्यामुळे तपासून पाहण्यासारखा ठरतो. पैसा कोठे जातो हे न कळण्याची भीती त्याहून मोठी असते, आणि ती दूर करणे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती आहे.