ग्रंथालयाची तालिका आणि घराची

(ग्रंथपाल दिनानिमित्त तालुक्याच्या गावी भरलेल्या ग्रंथालय सेवकांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ महिला ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



१२ ऑगस्ट हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्मदिन म्हणून आपण पाळतो. त्यांच्या प्रतिमेला हार घालून आपण त्यांची पाच सूत्रे म्हणतो. आज मात्र त्यांच्या चरित्रातील एका लहानशा प्रसंगापासून मला आरंभ करावयाचा आहे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तेथील दोन दशकांत ते रोज तेरा-तेरा तास काम करीत, रजा म्हणून घेत नसत. त्यांचा विवाह झाला तेव्हा विवाहविधी आटोपून दुपारी ते ग्रंथालयात कामाला हजर झाले, असे सांगतात.

हा प्रसंग आपण कौतुकाने सांगतो, आणि त्यांची निष्ठा वंदनीय आहेच. परंतु मी गृहिणीही आहे. म्हणून माझ्या मनात प्रश्न येतो की, त्या दुपारी घरात आलेली नववधू काय करीत असेल? त्या तेरा तासांमागे घर सांभाळणारे दोन हात शारदाबाईंचे होते. रंगनाथन हे विसरले नाहीत. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी मद्रास विद्यापीठाला अध्यासनासाठी एक लाख रुपये दिले, त्या अध्यासनाला नाव दिले ते पत्नीचे. पुढे १९६१ साली स्थापन केलेला ग्रंथालयशास्त्राचा निधीही शारदाबाईंच्याच नावाचा.

आता आपल्याकडे वळू. आज ग्रंथालयाच्या टेबलामागे रंगनाथनही तीच असते आणि घरी शारदाबाईही तीच! सार्वजनिक ग्रंथालयाची वेळ सकाळी आणि सायंकाळी. वाचकाला मोकळा वेळ असतो तेव्हा आपण कामावर असतो. मुले शाळेला निघतात ती वेळ आपल्या हाती नाही, दिवेलागणीची वेळही नाही. दुपारी आपण घरी असतो, तेव्हा घरात कोणीच नसते.

माझाच अनुभव सांगते. आमच्या ग्रंथालयात वार्षिक साठा पडताळणी चालू होती. दाखल नोंदवही समोर घेऊन एकेक ग्रंथ ताडून पाहायचा, तपासणी दोन दिवसांवर आलेली. सकाळी निघताना धाकट्याच्या अंगात ताप होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू जा. मी आहे ना!" मी गेले. पंधरा वर्षे मी त्या एका वाक्याच्या आधारावर नोकरी केली.

मग एके दिवशी सासूबाईंनाच अर्धांगवायूचा झटका आला. मी पंधरा दिवस रजेवर गेले आणि दोन गोष्टी एकदमच उघड झाल्या. ग्रंथालयातून दिवसाला चार-चार दूरध्वनी येऊ लागले. अमुक ग्रंथ कुठे आहे, जुन्या वर्गणीदारांच्या अनामतीची नोंद कोठे केली आहे, असे प्रश्न. नव्या ग्रंथांची तालिका अपुरी होती. उरलेली सारी माझ्या डोक्यात होती! आणि घरी? सासूबाईंची औषधे कोणती, गॅसचा नंबर कोठे लिहिला आहे, मुलाच्या शाळेचे शुल्क कधी भरायचे, हे यजमानांनाही ठाऊक नव्हते. तेही माझ्याच डोक्यात.

माझ्यावाचून काही अडले की मला मनातून बरे वाटत असे, हे आज कबूल करते. वस्तुतः तो माझ्या कामातील दोष होता. तालिका असते कशासाठी? ग्रंथपाल जागेवर नसतानाही वाचकाला ग्रंथ सापडावा म्हणून. "वाचकाचा वेळ वाचवा" हे रंगनाथनांचे चौथे सूत्र मी भिंतीवर लावले होते. त्याच तालिकेने सेवकाचाही वेळ वाचतो, हे मला आजारपणाने शिकविले.

त्या महिन्यात मी नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. तो दिला नाही, कारण यजमानांनी तो वाचला. ते म्हणाले, "अर्ज राहू दे. आधी मला सगळे लिहून दे." एका वहीत मी सारे लिहिले. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा क्रमांक, वाण्याची यादी, भाताला पाणी किती, हे सुद्धा! सायंकाळचा स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला. पहिले काही दिवस भात करपला, पण कोणी उपाशी राहिले नाही. मुलगा आजीला पेपर वाचून दाखवू लागला. तिकडे ग्रंथालयात माझ्या मदतनीस मुलीला मी वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकविले. वर्षभरात अपुरी तालिका पूर्ण झाली.

सारे सुरळीत झाले असे मात्र म्हणणार नाही. सासूबाईंच्या अखेरच्या रात्री मी जवळ होते, पण त्याआधीच्या अनेक संध्याकाळी नव्हते. ती रुखरुख राहणारच.

कार्यकारी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे. २०१७ साली प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु ती तरतूद दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांसाठी आहे. दोघा-तिघांच्या आपल्या ग्रंथालयांना ती सहसा पोहोचत नाही. जे कायदा करू शकत नाही ते आपण करावे. दुसरी व्यक्ती कामात तयार ठेवावी, साप्ताहिक सुटी खरोखर सुटी असू द्यावी आणि सायंकाळची पाळी आलटून पालटून द्यावी. अनुदानाची अडचण मी जाणते. पण यातील पाळी बदलायला अनुदान लागत नाही.

आणि भगिनींनो, "मीच करीन" हा हट्ट सोडा. घरच्या माणसांना काम सांगणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे. मुलगा आजीला औषध द्यायला शिकतो, तेव्हा त्याच्यावर संस्कारच होत असतो.

रंगनाथनांचे पाचवे सूत्र सांगते की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. कुटुंबही तसेच आहे. एकाच माणसावर तोललेली संस्था मात्र वाढत नाही. आज घरी गेल्यावर एक कोरी वही काढा आणि पहिले पान लिहा, एवढेच मागून मी थांबते.