जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, सावर्डे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलणारे आपल्यात भरपूर आहेत, म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी वेगळा विषय घेते. आपल्या ग्रुपवरच्या पाच-सहा जणांनी मला खासगीत एकच प्रश्न विचारला आहे : "घरात जुनं हत्यार आहे, त्याचे किती येतील?" थोरल्या काकांच्या रिव्हॉल्व्हरचा हिशेब मी केला, ही बातमी पंचक्रोशीत पोचलेली दिसते. म्हणून तो हिशेब एकदाच सगळ्यांसमोर मांडते.

काका काताच्या धंद्यात होते. सावर्ड्याच्या कातभट्ट्या तुम्हाला सांगायला नकोत. रोख रक्कम घेऊन रात्रीअपरात्री फिरावं लागे, म्हणून त्यांनी परवाना काढून एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. ते गेल्यावर आम्ही ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केलं आणि पावती घेतली. काकांना मूलबाळ नाही. वारस काकूच. तरी सल्ला द्यायला आम्ही पुतणे-पुतण्या सगळे हजर! एक गिऱ्हाईक म्हणालं, "जुनं लोखंड आहे, पंधरा हजार देतो." घरातले बरेचजण "देऊन टाका" म्हणाले. काकूंनी एवढंच विचारलं, "पंधरा कशावरून?" त्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

टीव्हीवर अमेरिकेतल्या गहाणवटीच्या दुकानांची मालिका आपण पाहिली आहे. माणूस जुनी बंदूक काउंटरवर ठेवतो, जाणकार येतो, घासाघीस होते. आपल्याकडे सोनं गहाण पडतं, बंदूक पडत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे सराफ किंवा सावकार ती तिजोरीत ठेवू शकत नाही. विकायची तर परवानाधारक विक्रेत्याला किंवा परवाना असलेल्या माणसाला. आणि अशा माणसाला थेट विकायची असेल, तर जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. म्हणजे गिऱ्हाईक मोजकं, आणि किंमत तिथूनच ठरायला लागते.

पहिली गोष्ट कागद. परवान्यावरचा क्रमांक आणि हत्यारावरचा क्रमांक जुळला पाहिजे. परवान्याची नोंद आता राष्ट्रीय संगणकीय यादीत असते आणि प्रत्येकाला ओळख क्रमांक मिळतो, तो आहे का पाहा. 2021 च्या जुलैत चिपळूणच्या पुरात किती जणांची कपाटं भिजली, आठवा. परवान्याची प्रत दुसऱ्या घरी ठेवा. कागद नसलेल्या हत्याराची बाजारात किंमत शून्य, आणि डोक्याला ताप वेगळा.

दुसरी गोष्ट बोअर. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असलेलं .455 बोअरचं वेब्ली रिव्हॉल्व्हर दिसायला रुबाबदार, इतिहासही मोठा. पण .455 आणि .38 हे बोअर आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडतात. सामान्य परवान्यावर ते घेता येत नाहीत, म्हणून घेणारा सापडत नाही. त्यापेक्षा लहानखुरं .32 सामान्य परवान्यावर चालतं. शिवाय 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला विलायती रिव्हॉल्व्हर आयात करता येत नाही. जी देशात आहेत तीच फिरतात. काकांचं .32 होतं.

तिसरी गोष्ट अवस्था. हत्यार रिकामं आहे याची खात्री विक्रेत्याकडच्या कारागिरानेच करावी, आपण हात लावू नये. त्याने नळीत उजेड पाडून आतले आटे दाखवले. कोकणातल्या दमट हवेत गंज आत खड्डे पाडतो, आणि ते भरून येत नाहीत. मग घोडा ओढल्यावर गोळ्यांचं चक्र नळीसमोर नेमकं थांबतं का, थांबल्यावर हलतं का, हे पाहिलं. सांगाडा, नळी आणि चक्र यांवरचे क्रमांक एकच आहेत का, बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के स्पष्ट आहेत का, तेही पाहिलं. एक विनंती : समईसारखं हत्यार घासून लखलखीत करू नका. मूळचा निळसर काळा मुलामा गेला आणि शिक्के पुसट झाले की किंमत उतरते.

चौथी गोष्ट तुलना. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .32 रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा त्याची किंमत साधारण सव्वा लाख रुपये होती. नवं देशी तेवढ्याला असेल, तर चालू स्थितीतलं विलायती पंधरा हजारांना कसं? मी तीन विक्रेत्यांकडून लेखी भाव घेतले. विक्रेता स्वतःचा नफा आणि माल पडून राहण्याचा धोका वजा करूनच भाव सांगतो, तो त्याचा धंदाच आहे. पण तीन आकडे समोर आले की खरी किंमत कुठे आहे ते दिसतं. प्रयोगशाळेत सर तीन वेळा मोजमाप घ्यायला लावायचे, ते असं उपयोगी पडलं.

शेवटी व्यवहार एक लाख नव्वद हजारांना झाला. पैसे काकूंच्या खात्यात जमा झाले. त्यांनी घराची कौलं बदलली आणि उरलेली रक्कम स्वतःच्या नावावर ठेवली. आम्हा पुतण्यांना चहा पाजला.

सगळ्यांच्या घरी असा आकडा निघणार नाही. आपल्याकडे जास्त करून डुकरं-वानरांपासून शेती राखायला घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांचे फारसे येत नाहीत. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची, यातच अनेकांचा जीव मेटाकुटीला येतो. ज्यांना शेतीसाठी हवी आहे त्यांनी वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज वेळेत करावा. हत्यार शंभर वर्षांहून जुनं असेल, तर ते पुरावस्तू ठरू शकतं. अशी वस्तू परदेशातल्या मुलाला भेट म्हणून पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आपल्या वयात आता घरोघरी हे प्रसंग येणार आहेत. बंदूक असो, जमिनीचा तुकडा असो की दागिना, घरातली बाई "कशावरून?" असं विचारते तेव्हा तिला गप्प करू नका. वस्तू तिची असेल तर आकडाही तिच्यासमोरच ठरला पाहिजे.

 जेवणाच्या पंगतीत आणखी शंका विचारा. माहीत असेल ते सांगेन.