ताणाचा निरोप
(रावेत येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत ते पवनेच्या काठी. इथल्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडला पाणी उचलले जाते. शहराला पाणी कमी पडले की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. पिकाला कमी पडले तर ते कोणाला सांगते?

स्वतःलाच सांगते. माती सुकू लागली की पानात ॲबसिसिक आम्ल वाढते आणि पानावरची बारीक तोंडे मिटतात. कपाशीच्या गळणाऱ्या बोंडांचा अभ्यास करताना हे द्रव्य १९६० च्या दशकात अमेरिकेत सापडले. मुळे ते वर पाठवतात, एवढे आम्ही कॉलेजात शिकलो. गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. जपानी संशोधकांनी २०१८ साली मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यावर दाखवले, की तहानलेल्या मुळांतून प्रथिनाचा एक छोटा तुकडा निघतो. तो पानात पोचला की पान स्वतःच हे आम्ल तयार करते.

तुम्हाला यात नवे काय? 'ताण' हा शब्द आमच्या पुस्तकांनी तुमच्याकडूनच घेतला. इंदापूरचा डाळिंबवाला बहारासाठी पाणी तोडतो, पानगळीला इथेफॉन फवारतो. त्यातून सुटणारा इथिलीन वायू हाही झाडाचाच एक निरोप.

पण तोंडे मिटली की पाणी वाचते, तसा कार्बन वायूही आत जायचा थांबतो. झाड जगते ते उपाशी राहून. फुलोऱ्यात असे झाले की उतारा गेलाच.

नेमके इथे बाटलीवाले येतात. आमच्यातल्या एकाने युरियाच्या दोन गोण्या मागितल्या. दुकानदाराने 'ताण घालवणारे' औषध गळ्यात मारले. सॅलिसिलिक आम्लासारखी द्रव्ये खोटी नाहीत, झाडातही ती असतात. प्रयोगांत काही वेळा फायदाही दिसतो. पण मात्रा, पीक, वेळ चुकली तर उलटेही होते. आणि फवारणीने जमिनीत पाणी येत नाही. ही जैव-उत्तेजके २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली आहेत. लेबलवर घटक, पीक आणि मात्रा वाचल्याशिवाय, पक्के बिल घेतल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. युरियाबरोबर बाटली घ्यायची सक्ती कोणी केली तर तसे लेखी मागा. मग बघा बाटली कशी परत फळीवर जाते!

बिनपैशाचे एक सांगतो. एका पाळीला एकाआड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या. कोरड्या बाजूची मुळे निरोप धाडतात, ओल्या बाजूची पाणी पाजतात. पान तोंड थोडे आवळते, पण उपाशी मरत नाही. हलक्या मुरमाड रानात मात्र जपून. तिथे पाणी आडवे पसरत नाही, सरळ खाली जाते. फुलोऱ्यातही हा प्रयोग नको.

सगळे रान लगेच या पद्धतीवर नेऊ नका. पाच-सहा सऱ्यांवर करा, शेजारी नेहमीसारख्या भिजवलेल्या तेवढ्याच ठेवा. पाळ्या आणि उतारा वहीत लिहा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. भाषण आम्ही कमी करू, वह्या वाचू.