डॉक्टरची साक्ष आणि कामगाराचा हक्क

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाच्या निमित्ताने तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत केलेले भाषण)



कामगार आणि मालक यांच्यातील तंटा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय, वकील आणि संप उभे राहतात. डॉक्टर त्या चित्रात सहसा नसतो. परंतु आजार कामामुळेच जडला काय, कामगाराची कमाईची शक्ती किती घटली, तो पूर्वीच्या कामावर परत जाऊ शकेल काय, असे प्रश्न जेथे उपस्थित होतात, तेथे निकाल पुष्कळदा डॉक्टरच्या साक्षीवर अवलंबून असतो. ही साक्ष न्यायालयाच्या पिंजऱ्यात ऐनवेळी तयार होत नाही. तिचा आरंभ खेड्यातील दवाखान्याच्या केसपेपरावर होतो. म्हणूनच हा विषय मी आपणांपुढे मांडीत आहे.

इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तू काम कोणते करतोस? तीन शतके लोटली, तरी या प्रश्नाचे उत्तर अनेक केसपेपरांवर आजही सापडत नाही. त्या उणिवेची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे एक उदाहरण देतो.

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेत गोधऱ्याच्या परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात असत. गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते, तेथे गाठी धरतात आणि माणसाला धाप लागू लागते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुसाची गेलेली शक्ती कोणत्याही औषधाने परत येत नाही. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच असल्यामुळे अशा रोग्यावर केवळ क्षयाचे उपचार होत राहण्याचा संभव असतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्यास क्षयाची बाधाही लवकर होते, त्यामुळे मूळ रोग अधिकच झाकला जातो. असा मजूर गावी परततो तेव्हा त्याच्यापाशी बहुधा ना हजेरीपत्रक असते, ना पगाराची पावती. या प्रकरणी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली, आणि ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला. आदेश झाला, पण ज्यांच्या श्रमाचा तो प्रश्न होता ते तो ऐकावयास उरले नव्हते.

कायदा या बाबतीत कामगाराच्या विरुद्ध नाही. १९२३ च्या भरपाई अधिनियमाने व्यवसायजन्य रोगांची अनुसूची दिली होती. विशिष्ट कामावर ठरावीक काळ राबलेल्या कामगारास त्या कामाशी निगडित असा अनुसूचीतील रोग जडला, तर त्याच्या विरुद्ध पुरावा येईपर्यंत तो कामामुळे झालेल्या अपघाती इजेसमान मानावा, असे तत्त्व त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. मात्र त्याचा लाभ घ्यावयाचा तर रोग कोणता, काम कोणते आणि ते किती काळ केले, या तीन गोष्टी पुढे आल्या पाहिजेत. पहिली गोष्ट डॉक्टरच सांगू शकतो. उरलेल्या दोहोंनाही त्याच्या नोंदीचा आधार मिळतो, कारण तंटा उद्भवण्यापूर्वी, केवळ उपचारासाठी लिहिलेल्या ओळीवर सहसा कोणी बनावटपणाचा संशय घेत नाही.

तथापि डॉक्टरने सांगितले म्हणजे निकाल लागला, असेही नाही. तज्ज्ञाची साक्ष ही सल्ल्याच्या स्वरूपाची असते. आपला निष्कर्ष कोणत्या कसोट्यांवर काढला, हे त्याने न्यायाधीशासमोर मांडावे, म्हणजे न्यायाधीशास स्वतंत्रपणे मत बनविता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण फळबागांच्या नुकसानीचे होते, पण तत्त्व सर्व तज्ज्ञांना लागू आहे. ‘सदर इसम कामास अयोग्य आहे’ एवढेच लिहिलेला दाखला म्हणूनच दुबळा ठरतो. तपासणी कोणत्या दिवशी केली, क्ष-किरण चित्रात काय दिसले, श्वासाची क्षमता किती भरली, कोणते काम करणे शक्य आहे व कोणते नाही, हे लिहिलेला दाखला उलटतपासणीत टिकतो.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शरीराची हानी वेगळी आणि कमाईच्या शक्तीची हानी वेगळी. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराचे प्रकरण निकालात काढले. कामावर असताना पडल्यामुळे त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. शरीराच्या हिशेबाने पाहता त्याचा एक हात शाबूत होता. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्णतः गेली, हे आयुक्तांचे मत न्यायालयाने मान्य केले. तीच इजा झालेला कारकून कदाचित आपली नोकरी पुढे करू शकला असता. डॉक्टरने हात पाहावा, पण त्या हाताने माणूस कोणते काम करीत होता हेही पाहावे, हा या निकालाचा बोध होय.

वैद्यकीय दाखल्याची एक दुसरी बाजूही आहे. त्याच्या आधारे माणसाला नोकरीतून काढलेही जाते. केंद्रीय दलातील एका शिपायाचा पाय सेवेत असताना कापावा लागला आणि वैद्यकीय मंडळाने त्यास सेवेस कायमचा अपात्र ठरविले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा कर्मचाऱ्यास काढून न टाकता त्याच वेतनाचे दुसरे योग्य पद दिले पाहिजे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील हे संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते २०१६ च्या कायद्यातही आहे. येथे जमलेल्या अधिकाऱ्यांनी ते विसरू नये. ‘अपात्र’ या शब्दापाशी चौकशी थांबवू नये, तर कोणत्या कामास पात्र आहे, हेही डॉक्टरला विचारावे.

कारखान्याच्या डॉक्टरची स्थिती तर अधिकच अवघड असते. वेतन मालकाकडून आणि विश्वास कामगाराचा, अशा दुहेरी बंधनात त्याला काम करावे लागते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८५ च्या व्यवसायआरोग्य सेवाविषयक करारात अशा डॉक्टरला पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य असावे, आणि कामगाराच्या गैरहजेरीच्या कारणांची शहानिशा करण्याचे काम मालकाने त्याच्यावर लादू नये, असे नमूद केले आहे.

शेवटी नोंदींविषयी. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की, प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे, अथवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. काही धुळींचे विष शरीरात दशकानुदशके दबा धरून बसते आणि कामगार घरी बसल्यावर वर येते, हे त्यामागील कारण.

आपल्या गोव्यातही खाणींवर, जहाजबांधणीच्या धक्क्यांवर, खडी फोडण्याच्या जागी राबलेली माणसे आपल्या वाड्यावाड्यांतून आहेत. त्यांच्यासाठी आपण पुष्कळ करू शकता. दवाखान्यात जाणाऱ्यास सांगा की, ‘डॉक्टरांना आपले काम आणि त्याची वर्षे सांग व ती कागदावर लिहून घे.’ हजेरीचे कार्ड, पगाराची पावती, क्ष-किरण चित्र ट्रंकेत जपून ठेवावयास सांगा. ज्यास लिहिता-वाचता येत नाही, त्याच्या कागदांची यादी शिक्षकांनी करून द्यावी. आणि भरपाईच्या अर्जाला मुदत असते, तेव्हा दुखणे कामाचे आहे असे कळताच उशीर न करता कामगार कार्यालय गाठावयास सांगा.

न्यायालय अश्रूंवर निकाल देऊ शकत नाही. त्यास पुरावा लागतो. तो वेळीच लिहून ठेवला जाईल एवढे आपण पाहिले, तर एखाद्या घरची चूल विझण्यापासून वाचेल.