शेड मोजायची, पण कुठून कुठपर्यंत?

आजचा विषय ऐकून म्हणाल, हे तर शाळेतलं गणित झालं. घरामागच्या वर्कशॉपचं क्षेत्रफळ काढायचंय. लांबी गुणिले रुंदी, विषय संपला! पण याच गुणाकारात हजारो रुपये इकडचे तिकडे होतात.

माझ्या मावसभावानं परसात वेल्डिंगसाठी शेड बांधली. नऊ इंची विटांच्या भिंती. मग आत कोबा करायचं ठरलं. मिस्त्रींनी बाहेरून टेप लावली: २० फूट बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट, सरळ तीन ब्रास. भावानं आतून मोजलं: १८ फूट ६ इंच बाय १३ फूट ६ इंच, म्हणजे २४९.७५ चौरस फूट. जवळजवळ अर्ध्या ब्रासचा फरक! चौरस फुटाला ६० रुपये दर धरला, तर तीन हजार रुपये झाले.

आता गंमत बघा. दोघांचीही मापं बरोबर आहेत. बांधकामाचं क्षेत्र भिंती धरून मोजतात, कोबा मात्र भिंतींच्या आतच पडतो. त्यामुळे कोब्याचा हिशोब आतल्या मापावरच व्हायला हवा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रिक्वायरमेंट म्हणतो. ती आधी ठरली नाही, तर कोड कितीही सुंदर लिहा, उपयोग शून्य.

मग टेप नीट धरायचीच नाही का? धरायची! पण कुठली चूक किती महाग पडते ते बघा. याच शेडची लांबी एक इंच चुकली, तर फरक पडतो साधारण सव्वा चौरस फुटाचा. १८ फूट ६ इंच हे कॅल्क्युलेटरवर १८.६ आणि १३ फूट ६ इंच हे १३.६ असं टाकलं, तर सव्वातीन चौरस फूट फुकट वाढतात. फुटात बारा इंच असतात, म्हणून सहा इंच म्हणजे .५. आणि भिंतींचा घोळ? पन्नास चौरस फूट!

शेड गुण्यात आहे का, हेही तपासा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील, तर दोन्ही कर्ण मोजा. तेही सारखे आले, तर चारही कोपरे काटकोनात. नसतील, तर एका कर्णानं दोन त्रिकोण पाडा आणि दोघांचं क्षेत्रफळ काढून बेरीज करा. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायची पद्धत तिरक्या जागेत नेहमी जास्तच दाखवते. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्येच अशा उत्तराला ‘स्थूल’ म्हटलंय!

फ्लॅट घेतानाही हेच. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरतात.

तेव्हा मंडळी, दर ठरवताना एक ओळ कागदावर लिहून घ्या: ‘माप भिंतीच्या आतून’. लेझर मीटर, मोबाइलचं अ‍ॅप वगैरे त्यानंतर. भेटू पुढच्या भागात!